अस्तर

शिरोलीत सुट्टीच्या रात्री भट्ट्या गार असतात,
म्हणून मला हीच रात्र मिळते.
अकाउंट्सच्या मागे, जुन्या चलनांच्या गठ्ठ्यांना लागून
काचेच्या खोपट्यात सर्व्हर घोंघावतो.
त्याच्यावर काळ्या वाळूची पूड बसते रोज,
कितीही पुसा.

मुजावरचाचा चहा ठेवतात कीबोर्डपासून लांब,
मागच्या वेळचं त्यांच्या अजून लक्षात आहे.
"काय बदलालायसा मॅडम?"
"फायरवॉल."
"म्हंजे आगीची भिंत?"
"म्हणायला तसंच."
"मग भट्टी गार कराय लागंल की."

बावीस वर्षं त्यांनी क्युपोलात उतरून
लोखंडानं कुरतडलेल्या विटा पहारीनं काढल्या,
नव्या लावल्या, मातीनं लिंपल्या.
आत उभं राहिलं की आभाळ ताटलीएवढं दिसतं, म्हणाले.
आता गेटवर असतात. आभाळ सगळंच.

मी नियम वाचतेय, एकेक ओळ.
दोनशे चौदा. निम्मे कुणासाठी, ठाऊक नाही.
नव्वदावा हुपरीकरांचा, पुराच्या सालातला:
दार उघडं, अख्ख्या जगाला,
आणि शेजारी शेरा,
'तात्पुरतं. पाणी उतरलं की बंद करणे.'
हायवे बुडाला होता तेव्हा. पगार व्हायचे होते
एकशे साठ माणसांचे,
आणि अकाउंटंट अडकलेला गडहिंग्लजला, सासुरवाडीत.
गच्चीवर, मोबाईलच्या रेंजवर, छत्री धरून
त्यानं त्या दारातून आत येऊन ते केले.
एकाचाही चुकला नाही.
पाणी उतरलं. हुपरीकर पुण्याला गेले.
दार राहिलं.

त्या दारावरच्या टकटकी लॉगमध्ये आहेत:
अॅडमिन, अॅडमिन एक, रूट, टेस्ट,
सेकंदाला तीन, रात्रंदिवस,
कुठल्या मुलखातून कोण जाणे,
न थकता, न चिडता,
किल्ल्यांचा जुडगा घेऊन कुणी बसलंय
आणि त्याला दुसरं कामच नाही.
हुपरीकरांना शिव्या घालणार होते मी.
घातल्या नाहीत.
शेरा पुन्हा एकदा वाचला, दार लावलं.

मग कर्नल.
"मिल्ट्रीतला?"
"नाही हो चाचा, गाभा. कोअर म्हणा."
कोअर त्यांना कळतो:
वाळूचा, साच्यात बसवायचा,
भोवती लोखंड ओतायचं, गार झालं की फोडून टाकायचा;
जी पोकळी उरते तिच्यातून पुढं कुणाच्या तरी मळ्यात
पंपाचं पाणी वाहतं.
माझा गाभा तसा नाही, सांगायचं होतं,
हा फुटला तर काहीच वाहत नाही.
पण एकोणसत्तर टक्क्यांवर आकडा अडकला होता.
मी गप्प.

रीबूट.
पंखे क्षणभर थांबले, तेव्हा कळलं
इतका वेळ केवढा आवाज होता.
एक ट्रक बेळगावकडं गेला. आणखी एक.

लॅपटॉपवरून हाक मारली. उत्तर नाही.
परत मारली.
पोटात गोळा आला, आणि मग आठवला
मीच लिहिलेला शेवटचा नियम: बाकी कुणालाच आत घेऊ नये.
बाकीच्यांत मीही.

"आतनं कडी लावून भाईर आलासा व्हय?"
चाचा एवढे हसले की कुत्रं उठलं.
त्यांनी बॅटरी धरली, मी जमिनीवर बसून
सर्व्हरच्या पाठीत कीबोर्ड खुपसला
आणि माझ्याच नावाची ओळ लिहिली.
नवा गाभा चालू होता, निवांत.
जुना मेनूत खाली ठेवलाय, लागलाच तर.

सहाला पहिली पाळी.
अंगठ्याचं मशीन लाल.
सर्जेराव चौगुले अंगठा शर्टाला पुसतो, परत लावतो,
परत पुसतो. त्याला वाटतंय, चूक अंगठ्याची.
मी धावत आत जाते, भिंतीतली एक वीट काढते,
एका पत्त्यापुरती, एवढीशीच.
शेऱ्यात बोटं 'तात्पुर' पर्यंत गेली होती.
खोडलं.
लिहिलं: हजेरी मशीन, गेट नंबर दोन. तारीख. माझं नाव.
पुढच्या माणसाला कळू दे
शिव्या कुणाला घालायच्या ते.

मशीन हिरवं झालं. चौगुले आत गेला, मागं न बघता.
तिकडं भट्टीत कोळसा भरायला लागले होते.